सर म्हणतात, पन्नास पेशंट बास

ताई, मी सोलापूरला एमएस्सी जेनेटिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात प्रोजेक्टचा विषय द्यायचाय. आमच्या घरात मधुमेह पाचवीला पुजलेला. आजोबांना होता, वडिलांना चाळिशीत निघाला, दोन्ही आत्यांना आहे, मोठ्या काकांचा तर पाय कापावा लागला. धाकट्या काकांच्या मुलाला एकोणिसाव्या वर्षीच निघाला. तो अगदी काडीपैलवान, इन्सुलिन नाही, एका गोळीवर शुगर छान राहते. मला खरं म्हणजे आमच्या घरातलं मधुमेहाचं जनुक शोधायचंय. पण गाइड सर म्हणतात, घरबिर सोड. ओपीडीतून पन्नास पेशंट घे, कॉलेजातली पन्नास निरोगी मुलं घे, टीसीएफ७एल२ जनुकातला एक स्निप, म्हणजे डीएनएतल्या एका अक्षराचा फरक, पीसीआर-आरएफएलपी या लॅबच्या पद्धतीने वाच, काय-स्क्वेअर ही संख्याशास्त्रातली चाचणी लाव, पेपर होतो. गेल्या वर्षी मैत्रिणीने असंच दुसऱ्या एका जनुकावर केलं, तिचा पेपर झालासुद्धा. माझं मन मानत नाही, पण का मानत नाही ते सरांना सांगता येत नाही. काय करू?
— अ., सोलापूर

प्रिय अ.,

तुला जे खुपतंय ते आकड्यांत मांडता येतं, तेव्हा आधी हिशेबच करू. कागद-पेन घेऊन बस.

सरांनी निवडलेलं जनुक वाईट नाही, हे आधी कबूल करू. टाइप २ मधुमेहाशी नातं सांगणारे जे सर्रास आढळणारे फरक आहेत, त्यांत टीसीएफ७एल२मधला सगळ्यात जोरकस. २००६ साली आइसलंडच्या डीकोड कंपनीतल्या संशोधकांनी तो दाखवला. पुढच्याच वर्षी हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आणि पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचं मधुमेह युनिट यांनी मिळून भारतीय रुग्णांतही तो तसाच दिसतो हे छापलं. म्हणजे उत्तर आधीच ठाऊक आहे. आता हे ठाऊक असलेलं उत्तर तुला पन्नास-पन्नासात सापडतं का ते बघू.

प्रत्येकाकडे या जागेच्या दोन प्रती, म्हणून ५० माणसं म्हणजे १०० प्रती. निरोगी लोकांत धोक्याचं अक्षर १००तल्या साधारण ३० प्रतींवर आहे असं धर, आणि ऑड्स रेशो, म्हणजे ते अक्षर असण्या-नसण्याचं गुणोत्तर रुग्णांत निरोगींच्या किती पट, तो १.४ धर. मग रुग्णांत ते साडेसदतीस प्रतींवर दिसायला हवं. फरक झाला साडेसात. या फरकाची स्टँडर्ड एरर काढ, ती येते साडेसहा ते सातच्या मध्ये. म्हणजे तू शोधतेयस तो फरक आणि नुसत्या योगायोगाने होणारी वरखाली, दोन्ही जवळपास एकाच मापाची. ५ टक्क्यांची पातळी धरून काय-स्क्वेअर लावलंस, तर पाचातल्या चार वेळा उत्तर येणार की या जनुकाचा मधुमेहाशी संबंध नाही. आणि संबंध तर आहे, कितीतरी देशांत पुन्हा पुन्हा पडताळलेला आहे.

खरी गोम पाचव्या वेळेत आहे. पन्नास-पन्नासात फरक ‘सिग्निफिकंट’, म्हणजे नुसता योगायोग नव्हे असा, ठरायला तो १३-१४ प्रतींचा तरी यावा लागतो. निरोगी ३० असतील तर रुग्ण ४३च्या वर. त्यावरून ऑड्स रेशो काढून बघ. तो पावणेदोनच्या पुढे जातो, खरा १.४ असताना. म्हणजे इतक्या लहान अभ्यासातून छापण्याजोगं जे बाहेर पडतं ते फुगलेलंच असतं. कुणी लबाडी केली म्हणून नव्हे. ज्याचा फरक योगायोगाने मोठा आला त्याचा पेपर झाला, बाकीच्यांच्या वह्या कपाटात गेल्या, एवढंच. तुझ्या मैत्रिणीच्या पेपरबद्दल मी याहून जास्त काही म्हणणार नाही.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. २००० साली अमेरिकेतल्या व्हाइटहेड इन्स्टिट्यूटच्या गटाने मधुमेहाबद्दलचे १६ छापील दावे घेऊन तीन हजारांहून जास्त लोकांवर ते पुन्हा तपासले. टिकला एकच, पीपीएआरजी जनुकातला. नैराश्याच्या बाबतीत तर याहून वाईट झालं. तिथे पंधरा-वीस वर्षं काही ठरावीक जनुकांवर पेपरांवर पेपर निघत होते. २०१९ साली त्यांतली १८ गाजलेली जनुकं लाखांच्या घरातल्या नमुन्यांवर तपासली, तेव्हा सहज उचललेल्या कुठल्याही जनुकांपेक्षा ती काडीइतकीही सरस निघाली नाहीत.

मग किती माणसं लागतात? टीसीएफ७एल२चा हा एकच स्निप आधीपासून ठरवून घेतलास आणि ८० टक्के खात्री हवी असेल, तर वरच्याच गृहीतांवर सव्वातीनशेच्या आसपास रुग्ण आणि तितकेच निरोगी. सगळा जीनोम, म्हणजे माणसाचा सगळा डीएनए, धुंडाळायचा असेल तर सुमारे दहा लाख स्वतंत्र तपासण्या होतात, म्हणून ५ टक्क्यांना दहा लाखांनी भागून ०.०००००००५ची पातळी धरायची रीत पडली. त्या पातळीला दोन्हीकडे दीड-दोन हजार लागतील. आणि हे सगळ्यात जोरकस जनुकाचं झालं. मधुमेहातली बहुतेक जनुकं १.१ किंवा त्याहूनही खाली असतात, तिथे हाच हिशेब दोन्हीकडे वीस हजारांवर जातो. म्हणूनच ही कामं एका कॉलेजात होत नाहीत, देशोदेशीचे गट नमुने एकत्र करून करतात. २०२४ साली आलेल्या, मधुमेहाच्या तोवरच्या सगळ्यात मोठ्या अभ्यासात २५ लाखांवर माणसं होती, त्यांतले चार लाख अठ्ठावीस हजार रुग्ण. हाती लागल्या जीनोमवरच्या ६११ जागा. सहाशे अकरा! ‘मधुमेहाचं जनुक’ असं एकवचन का वापरू नये ते यातच आलं.

तू हुशार आहेस, म्हणशील, ताई, २००५ साली म्हातारपणी दृष्टिपटल खराब होण्याच्या आजारावर जो अभ्यास झाला त्यात ९६ रुग्ण आणि ५०च निरोगी होते, तरी सीएफएच जनुक सापडलंच ना? सापडलं. पण तिथे दोन्ही प्रती धोक्याच्या असल्या तर धोका सातपटीच्या वर जात होता. एवढा ढळढळीत परिणाम असला की थोडक्या माणसांत भागतं. साध्या टाइप २ मधुमेहाने आपल्यावर तशी मेहेरबानी केलेली नाही. दोनच वर्षांनी ब्रिटनमधल्या वेलकम ट्रस्टच्या गटाने सात आजार एकदम घेतले तेव्हा प्रत्येकाचे २,००० रुग्ण आणि सगळ्यांना मिळून ३,००० निरोगी घेतले, आणि पुढच्यांनी त्यांचाच कित्ता गिरवला.

संख्येचं झालं. पण तुझ्या प्रोजेक्टमधली मला जास्त खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. ती कॉलेजातली पन्नास निरोगी मुलं.

बावीस वर्षांचा मुलगा आज निरोगी आहे, यावरून साठाव्या वर्षी त्याचं काय होणार ते कळत नाही. तुझ्या वडिलांना चाळिशीत निघाला. विशीत त्यांचं रक्त घेतलं असतं तर तेही ‘निरोगी’ रकान्यातच पडले असते, त्याच जनुकांसकट. आपल्याकडे मधुमेहाचं प्रमाण बघता तुझ्या पन्नास मुलांतले बरेच जण उद्याचे रुग्णच आहेत. तुलनेला माणसं हवीत ती रुग्णांच्याच वयाची, शक्य तर त्यांच्याहून थोडी मोठी, साठी ओलांडूनही साखर नसलेली. आणि ‘साखर नाही’ हे त्यांनी सांगितलेलं चालत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासायचं, किमान एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, तरी करायची. पन्नाशीच्या पुढे ‘मला काही नाही हो’ म्हणणाऱ्यांत १२६च्या वरचे उपाशीपोटी किती निघतात, ते एखादं शिबिर लावून बघ.

रुग्णांच्या बाजूलाही हेच. ओपीडीच्या रांगेत उभे असलेले सगळे एकाच आजाराचे नसतात. बहुतेकांना टाइप २ असतो हे खरं. पण त्यांत उशिरा सुरू झालेला, स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने स्वादुपिंडावर हल्ला केल्याने होणारा प्रकार मिसळलेला असतो. क्वचित कुणाच्या स्वादुपिंडात खडे असतात, तर कुणाचा मधुमेह एकाच जनुकातल्या बिघाडाने झालेला असतो. या सगळ्यांना एका रकान्यात कोंबलंस तर मशीन कितीही महागाचं आण, येणारं उत्तर खिचडीचंच येणार. या क्षेत्रात एवढी वर्षं बघितल्यावर माझं ठाम मत झालंय की रुग्ण कोण आणि निरोगी कोण, हे नेमकं ठरवण्यात निम्मा शोध असतो. आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही, चिकाटी लागते.

आता सोलापूरचीच म्हणून एक अडचण. तुमच्या शहरात पूर्व भागात तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर आहेत, कन्नड बोलणारे लिंगायत आहेत, मराठी बोलणाऱ्या डझनभर जाती आहेत, मुसलमान आहेत. आपल्याकडे लग्नं पिढ्यान्पिढ्या जातीतच होत आल्यामुळे जीनोमवरच्या हजारो जागांचं प्रमाण प्रत्येक समाजात थोडंथोडं वेगळं आहे, मधुमेहाशी त्याचा काही संबंध असो वा नसो. समजा ओपीडीतले तुझे पेशंट बहुतेक पूर्व भागातले आले आणि कॉलेजातली मुलं आसपासच्या तालुक्यांतली. मग तुझा स्निप ‘सिग्निफिकंट’ येईलही, पण तो मधुमेही आणि निरोगी यांच्यातला फरक नसेल, दोन समाजांमधला असेल.

असं खरोखर झालेलं आहे. अमेरिकेत ॲरिझोनामधल्या पिमा आदिवासींत मधुमेह भयंकर आहे. तिथे १९८८ साली एका अभ्यासात दिसलं की अँटिबॉडीच्या जनुकांमधला एक ठरावीक संच ज्यांच्याकडे आहे त्यांच्यात मधुमेह ८ टक्के, आणि नाही त्यांच्यात २९. घबाडच म्हणायचं! पण संशोधक सावध होते. तो संच गोऱ्या युरोपीयांत सर्रास आढळतो, म्हणून ज्यांच्याकडे तो होता त्यांच्यात गोऱ्या पूर्वजांचा वाटा जास्त होता, एवढंच. कुणाचे किती पूर्वज पिमा, त्याप्रमाणे गट पाडून पुन्हा तुलना केल्यावर त्या संचाचा आणि मधुमेहाचा संबंध विरून गेला. आज मोठ्या अभ्यासांत सगळ्या जीनोमची आकडेवारी घेऊन ही सरमिसळ गणिताने वजा करतात. तुझ्याकडे एकच स्निप असणार, त्यामुळे तुला ते करता येणार नाही. तुला रुग्ण आणि निरोगी एकाच समाजातले, एकाच भागातले, जोडीने निवडावे लागतील. जात विचारायला संकोच वाटत असेल तर मातृभाषा आणि आजी-आजोबांचं मूळ गाव विचार. काम बरंचसं भागतं.

हे सगळं पार पडून एखादी जागा पक्की झाली, तरी जनुक सापडलं असं होत नाही, हेही आत्ताच समजून घे. वाचन करताना तुला हे पावलोपावली लागणार आहे. अशा अभ्यासाला गल्ली सापडते, घर नाही. एफटीओ जनुकाचं उदाहरण घे. २००७ साली मधुमेहाची जनुकं शोधताना ब्रिटनमधल्या गटाला ही जागा मिळाली. मग कळलं की ती वजनामार्फत काम करते, दोन्ही प्रती धोक्याच्या असलेल्यांचं वजन सरासरी ३ किलो जास्त भरत होतं. वजन हिशेबातून काढलं की मधुमेहाशी नातं संपत होतं. सगळे एफटीओ जनुकाच्या मागे लागले, कारण तो फरक त्याच्याच पोटात बसलेला होता. २०१४-१५ मध्ये उलगडा झाला की तो फरक लाखो अक्षरं दूर असलेल्या आयआरएक्स३ नावाच्या दुसऱ्याच जनुकाचं बटण वरखाली करतो. आणि गंमत म्हणजे पुण्यातल्या लोकांवर हीच जागा तपासली, तर वजन हिशेबातून काढूनही मधुमेहाशी संबंध पुरता जात नव्हता. आपल्याकडे वजनकाट्यावर बारीक दिसणाऱ्याच्या अंगातही चरबी बरीच असते, त्याचा याच्याशी संबंध असू शकतो. म्हणून युरोपातला निकाल इथे जसाच्या तसा आणून चिकटवायचा नाही. २०१९च्या एका आढाव्याप्रमाणे अशा अभ्यासांत भाग घेतलेले ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. दक्षिण आशियात सुमारे ४ टक्के लोकांमध्ये हृदयाच्या एमवायबीपीसी३ जनुकातली २५ अक्षरं गळालेली असतात आणि त्यांना हार्ट फेल्युअरचा धोका खूप वाढतो. ही गोष्ट २००९ साली पुढे आली ती सीसीएमबीच्या आणि इथल्या इतर संशोधकांनी आपल्याच लोकांत शोधलं म्हणून. बाहेरच्यांच्या नमुन्यांत ती दिसलीच नसती.

तू विचारशील, १.१ आणि १.२ असले फुसके आकडे मिळवून करायचं काय? वडिलांच्या गोळ्यांचा डबा उघड. त्यात ग्लिमेपिराइड असेल, कदाचित पायोग्लिटाझोनही. पायोग्लिटाझोन ज्या प्रथिनावर काम करतं ते बनवणारं जनुक म्हणजे मघाचं पीपीएआरजी. ग्लिमेपिराइड इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवरची जी वाट बंद करतं, तिचा एक भाग बनवणाऱ्या केसीएनजे११मध्येही मधुमेहाशी जोडलेला असाच एक साधा फरक आहे. जनुकातल्या फरकाचा परिणाम कितीही बारीक असो, त्याच जनुकाच्या प्रथिनावर औषधाचा चांगला जोर चालू शकतो. मोठे अभ्यास त्यासाठी करतात. कुणाच्या कपाळावर भविष्य लिहायला नव्हे. लाळेच्या नमुन्यावरून ‘तुमचा मधुमेहाचा धोका’ सांगणारी पाकिटं हल्ली विकतात, त्याबद्दल मी एवढंच सांगीन की तुझ्या घरच्यांना ती घ्यायला लावू नकोस. आजोबा, वडील, दोन आत्या आणि काका, यातून जे कळतं त्याहून फार जास्त ते पाकीट सांगत नाही.

आता तुझ्या घराकडे येऊ.

घरातल्या झाडावरून, म्हणजे वंशावळीवरून जनुक शोधायची पद्धत जुनी आणि भक्कम आहे, पण ती एकाच जनुकाच्या आजाराला लागू पडते. मेंदूच्या हंटिंग्टन आजाराचं बघ. व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या गावांत हा आजार असलेली प्रचंड मोठी कुटुंबं होती. संशोधक नॅन्सी वेक्सलर आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं तिथे जाऊन रक्ताचे नमुने आणि नातीगोती गोळा करत राहिले. १९८३ साली कळलं की जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे, आणि नेमकं जनुक हातात यायला १९९३ उजाडलं. तिथे कोडं सरळ होतं, जनुक आलं की आजार आला. तुझ्या वडिलांचा, आत्यांचा, मोठ्या काकांचा मधुमेह तसा दिसत नाही. तो चाळिशीत आला आहे, शेकडो जागांचा बारीक बारीक वाटा आणि वर आयुष्यभराचं खाणं-पिणं-बसणं मिळून. एकाच घरात सगळ्यांना झाला याचा अर्थ जनुकच असा नाही. एक चूल, एक धंदा, आणि आईच्या पोटात असताना मिळालेलं पोषणही त्यात येतं. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोची भरली, इंग्लंडच्या साउदम्प्टनची साडेतीन किलोची. पण इतकी लहान असूनही पुण्याच्या बाळांची त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. कमी पडलं होतं ते बाकीचं अंग. डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाचं हे काम मुळातून वाच, तुझ्या प्रश्नाला ते सरळ भिडणारं आहे. थोडक्यात, घरातल्या या पाच जणांचं ‘जनुक’ तू काढायला जाऊ नकोस. त्यातून काही निघणार नाही.

पण पत्रात तू एक ओळ जाता जाता लिहिलीस आणि पुढे गेलीस. धाकट्या काकांचा मुलगा. एकोणीस वर्षं, सडपातळ, इन्सुलिन नाही, एका गोळीवर शुगर आटोक्यात. हा घरातल्या बाकीच्यांसारखा नाही. मोडी नावाचा मधुमेह असतो, लिपीशी संबंध नाही, तो एकाच जनुकातल्या बिघाडाने होतो. बहुधा पंचविशीच्या आत सुरू होतो आणि आई किंवा वडील यांच्याकडून सरळ येतो. त्यातला एचएनएफ१ए जनुकाचा प्रकार असेल तर ग्लिमेपिराइडच्या वर्गातल्या गोळीचा अगदी लहान डोसही लागू पडतो. जीसीके जनुकाचा असेल तर साखर जन्मभर थोडीशीच वर राहते आणि बहुतेकांना औषधच लागत नाही. म्हणजे इथे जनुक कळल्याने माणसाचं औषध बदलू शकतं, जे तुझ्या टीसीएफ७एल२ने कधी होणार नाही.

उडी मात्र मारू नकोस. आपल्याकडे बारीक अंगाच्या तरुणांनाही साधा टाइप २ होतो, आणि टाइप १ सुरुवातीला काही महिने गोळीवर निभावल्यासारखा वाटतो. म्हणून त्याला आधी मधुमेहतज्ज्ञाकडे ने. टाइप १ ओळखायला अँटिबॉडी, शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते बघायला सी-पेप्टाइड आणि स्वादुपिंडात खडे नाहीत ना हे बघायला सोनोग्राफी, एवढं झालं की मोडीची जनुकतपासणी करावी का ते डॉक्टर ठरवतील. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने यात पुष्कळ काम केलंय, गरज पडली तर इथल्या डॉक्टरांना तिकडे विचारता येईल. हे त्याच्या उपचारासाठी, तुझ्या प्रोजेक्टसाठी नाही. त्याचं रक्त तू स्वतः कॉलेजच्या लॅबमध्ये नेऊ नकोस. चुलतबहिणीला नाही म्हणणं त्याला जड जाईल, आणि अशी संमती आयसीएमआरच्या, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या राष्ट्रीय परिषदेच्या, नियमांत बसत नाही. आणि एक विचारून घे. धाकट्या काकांना मधुमेह आहे की नाही, ते तू लिहिलंच नाहीस. काकूंच्या माहेरी कुणाला लहान वयात होता का, तेही नाही. मोडी निघालाच आणि काकांची साखर नॉर्मल असली, तर ते जनुक काकूंकडून आलेलं असायची शक्यता जास्त. मग आजोबांपासून चालत आलेल्या मधुमेहाशी त्याचा काही संबंध उरणार नाही.

राहिला प्रोजेक्ट, आणि सर.

सरांशी वाद घालू नकोस, ‘पन्नासात होत नाही’ असं तोंडावर म्हणू नकोस. वरचा हिशेब एका पानावर नीट मांड आणि विचार, ‘सर, एथिक्स कमिटी सॅम्पल साइझ कशावरून ठरवली ते विचारेल, काय लिहू?’ ती विचारतेच. पान सरांच्या हातात पडलं की बाकीचं ते स्वतःच म्हणतील. त्याच वेळी पुढे करायला तुझ्याकडे दुसरा विषय तयार हवा, नुसती तक्रार घेऊन गेलीस तर पन्नास पेशंट ठरलेलेच.

दुसरा विषय तुझ्या चुलतभावावरून सुचतो, पण त्याला सोडून. ज्या ओपीडीतून सर पेशंट घ्यायला सांगतायत, तिथेच तिशीच्या आत मधुमेह निघालेले जेवढे रुग्ण वर्षभरात येतील तेवढे सगळे घे. प्रत्येकाची तीन पिढ्यांची वंशावळ, निदानाचं वय, तेव्हाचं वजन, इन्सुलिन कधीपासून, आणि जमेल त्यांची अँटिबॉडी व सी-पेप्टाइड. त्यातून टाइप १, टाइप २ आणि ‘मोडी असू शकेल’ असे गट पाड. इंग्लंडमधल्या एक्सिटरच्या गटाने मोडीची शक्यता काढायचा एक कॅल्क्युलेटर केलाय, पण तो गोऱ्या युरोपीय रुग्णांवर बेतलेला. आपल्याकडच्या रुग्णांवर तो कुठे आणि का चुकतो, हा नुसता प्रश्नच एका प्रोजेक्टला पुरेसा आहे. शेवटी दहा-बारा संशयित उरले आणि त्यांच्या जनुकतपासणीचा खर्च कुठून तरी सुटला, तर सोन्याहून पिवळं. नाही सुटला तरी काम पूर्ण आहे.

दवाखान्याचं जमलंच नाही, तर संगणकावर बस. मोठ्या अभ्यासांच्या निकालांचे आकडे, प्रत्येक स्निपचा ऑड्स रेशो आणि पी-व्हॅल्यू, फुकट उतरवून घेता येतात. त्यांवर काम करायची प्लिंक आणि आर ही सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट. अनेक स्निप मिळून युरोपीय लोकांत काढलेला धोक्याचा गुणांक दक्षिण आशियाई लोकांत किती ढासळतो हे हजार जीनोम प्रकल्पाच्या खुल्या माहितीवर पूर्ण मोजता येणार नाही, कारण त्यात आजाराची नोंद नाही. पण कुठल्या स्निपची वारंवारता किती बदलते आणि त्याच्या शेजारचे स्निप कसे बदलतात, एवढं नक्की दिसतं. जीनोमइंडिया प्रकल्पातल्या सुमारे दहा हजार भारतीय जीनोमची माहिती जानेवारी २०२५मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. ती फरिदाबादच्या केंद्रातून अर्ज करून मिळते. तो अर्ज गाइडच्या नावाने जाईल, त्यामुळे सरांनाही यात गोडी वाटेल.

आणि एवढं करूनही सर पन्नासावरच अडून बसले, तर भांडून वर्ष वाया घालवू नकोस, तेच कर, पण नीट कर. निरोगी माणसं पन्नाशी-साठीची घे, साखर तपासून. जोड्या एकाच समाजातल्या लाव. पीसीआरच्या प्लेटवर रुग्ण आणि निरोगी यांचे नमुने मिसळून ठेव. रुग्ण एका प्लेटवर आणि निरोगी दुसऱ्या, असं चुकूनही करू नकोस. शंभरी गाठलेल्या लोकांच्या जनुकांवरचा २०१० सालचा एक गाजलेला पेपर वर्षभरात मागे घ्यावा लागला, त्यामागे नमुने जनुकं वाचायच्या वेगवेगळ्या चिपांवर वाचले होते हे मोठं कारण होतं. निरोगी गटात दोन अक्षरांच्या जोड्यांचं प्रमाण हार्डी-वाइनबर्ग नियमात बसतं का ते तपास. दहा टक्के नमुने दुसऱ्याकडून पुन्हा वाचून घे, वाचणाऱ्याला कोण रुग्ण ते न सांगता. आरएफएलपीत एन्झाइमने अर्धवट कापलं की जेलवर धडधडीत खोटा हेटेरोझायगोट, म्हणजे दोन प्रती वेगळ्या असलेला, दिसतो. प्रबंधात ऑड्स रेशोच्या शेजारी ९५ टक्क्यांची कक्षा, म्हणजे खरा आकडा कुठून कुठवर असू शकतो ते, छाप, ती केवढी रुंद आहे ते दिसू दे. पॉवर, म्हणजे खरा फरक पकडण्याची शक्यता, २० टक्के होती हे पद्धतीच्या प्रकरणातच लिही, शेवटच्या पानावर नको. आणि कच्ची आकडेवारी जोडपत्रात दे, म्हणजे पुढे कुणी दहा कॉलेजांचे पन्नास-पन्नास एकत्र करायला बसलं तर तुझे शंभर त्यात धरता येतील.

एथिक्स कमिटीची बैठक कधी आहे ते उद्याच ऑफिसात विचारून ये. बऱ्याच ठिकाणी ती दोन-तीन महिन्यांतून एकदाच होते, आणि ती चुकली तर विषय कुठलाही असो, तुझं सेमिस्टर तिथेच अडकेल.

— ताई